वाद एका तारखेचा : सेंटर माइक वेबस्टरचं प्रकरण

प्रकरण अभ्यासात माणसाचं नाव झाकायची रीत आहे. इथे खेळाडूचं, म्हणजे अमेरिकन फुटबॉलपटू माइक वेबस्टरचं, नाव झाकून काही साधणार नव्हतं, कारण तो नामांकित होता आणि कोर्टाची निकालपत्रं कुणालाही वाचता येतात. घरची माणसं, त्याला तपासणारे डॉक्टर आणि वकील यांची नावं मात्र गाळली आहेत.

वरवर पाहता भांडण पेन्शनच्या पैशाचं आहे. कागदपत्रं वाचत गेलं की लक्षात येतं, सगळं अडलं होतं एका तारखेवर. सतरा हंगाम डोक्याने धडका घेतलेला माणूस नेमका केव्हापासून निकामी झाला असं धरायचं, १९९१ पासून की १९९६ पासून? हा प्रश्न सुटायला कोर्टाची दोन दारं ठोठावावी लागली आणि तोवर तो माणूस उरला नव्हता.

पार्श्वभूमी

माइक वेबस्टर १९५२ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या टोमाहॉक या छोट्या गावी जन्मला आणि बटाट्याच्या शेतावर वाढला. विस्कॉन्सिन विद्यापीठाकडून सेंटर म्हणून खेळला. एनएफएल या व्यावसायिक लीगमधले संघ दर वर्षी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. १९७४ च्या निवडीत पिट्सबर्ग स्टीलर्सने त्याला पाचव्या फेरीत घेतलं. त्याच्याआधी १२४ खेळाडूंची नावं पुकारून झाली होती. लाइनमन म्हणून तो अंगाने लहान आहे, असं मत होतं. स्टीलर्सची ती निवड पुढे दंतकथा झाली, कारण त्या एका वर्षी घेतलेले चार जण हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेले आणि त्यांतला एक वेबस्टर होता.

अमेरिकन फुटबॉल न पाहणाऱ्यांसाठी सेंटरची जागा समजावून सांगायला हवी, कारण सगळं प्रकरण तिथून सुरू होतं. आक्रमक संघाच्या पुढच्या रांगेत पाच लाइनमन असतात. मधला सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, कडेला टॅकल. सेंटर वाकून चेंडूवर हात ठेवतो आणि इशारा मिळाला की तो दोन पायांमधून मागे क्वार्टरबॅकच्या, म्हणजे डाव चालवणाऱ्या खेळाडूच्या, हातात देतो. त्याच क्षणी समोरचा गडी त्याच्यावर येऊन आदळतो. दोन्ही रांगांमधलं अंतर असतं चेंडूच्या लांबीएवढं, म्हणजे जेमतेम २८ सेंटिमीटर. आपली एक वीत आणि वर चार बोटं. सेंटरचा एक हात चेंडू देण्यात गुंतलेला असल्यामुळे पहिला धक्का झेलायला त्याच्याकडे उरतं डोकं आणि एक खांदा.

त्यातही वेबस्टरच्या सुरुवातीच्या वर्षांत नियम आणखी कडक होते. अडवणाऱ्याने हात छातीशी ठेवायचे, पुढे लांबवायचे नाहीत. १९७८ साली हात लांबवून, पंजे उघडे ठेवून अडवायची मुभा मिळाली. समोरच्याच्या हेल्मेटवर उघड्या हाताने फटका मारणं बचावपटूंना १९७७ पर्यंत चालत असे. म्हणजे पहिली तीन वर्षं त्याने हेही सोसलं.

चेंडू पळवणाऱ्याच्या नावावर यार्ड लागतात, झेलणाऱ्याच्या नावावर झेल लागतात, गुण करणाऱ्याचं तर विचारूच नका. लाइनमनच्या नावावर काहीच लागत नाही. कबड्डीत पकड करणाऱ्याला निदान गुण मिळतो. इथे तेही नाही. लाइनमनचं नाव लाउडस्पीकरवरून पुकारलं जातं ते बहुतेक वेळा त्याने नियम मोडला म्हणून. वेबस्टरच्या नावापुढे आकडे आहेत ते हजेरीचे : १७ हंगाम, २४५ सामने, त्यांतले २२० स्टीलर्ससाठी. कोपर निखळून १९८६ साली तो काही सामने बाहेर बसला, त्याआधी सलग १५० सामन्यांत सुरुवातीपासून मैदानात होता. चार सुपर बोल (लीगची अंतिम लढत) जिंकले, नऊ प्रो बोलसाठी (निवडक खेळाडूंचा मानाचा सामना) निवड. पोलादाचं शहर, तिथले कारखाने एकापाठोपाठ एक बंद पडत होते, आणि कडाक्याच्या थंडीत बाह्या दंडापर्यंत गुंडाळून उभा राहणारा हा गडी. पिट्सबर्गने त्याला ‘आयर्न माइक’ म्हणणं साहजिकच होतं.

एक ढोबळ हिशेब मांडतो. आक्रमणाचे सामन्यागणिक साठेक डाव धरले, सुरुवातीच्या दोन वर्षांत दुसऱ्या एका सेंटरबरोबर तो जागा वाटून घेत होता ते वजा केलं, तरी सामन्यांतल्याच धडका दहा हजारांच्या वर जातात. सराव वेगळा. पेनसिल्व्हेनियातल्या लॅट्रोब गावी स्टीलर्सचं उन्हाळी शिबिर भरे. दोन गडी समोरासमोर उभे करून एकमेकांवर सोडायचे, हा प्रकार त्या काळी लीगभर सरावाचाच भाग होता. त्यांतल्या एकाही धडकेची कुणी नोंद ठेवली नाही. ठेवायचं कुणाला सुचलंही नसणार, कारण लाइनमनच्या बहुतेक धडकांनी तो पडत नाही, बेशुद्ध होत नाही, डाव थांबत नाही. तो उठतो आणि पुढच्या डावासाठी वाकतो.

अडचण

१९८८ च्या हंगामानंतर स्टीलर्सशी नातं संपलं. पुढच्या वर्षी कॅन्सस सिटी चीफ्सने त्याला आक्रमक लाइनचा साहाय्यक प्रशिक्षक म्हणून घेतलं. थोड्याच दिवसांत तो पुन्हा पोशाख चढवून मैदानात उतरला आणि आणखी दोन हंगाम खेळला. मार्च १९९१ मध्ये कायमचा थांबला. वय सुमारे ३९.

यापुढची वर्षं सलग सांगणं अवघड आहे, कारण त्यांच्या नोंदीच तुटक आहेत. पैसे गेले, घर गेलं, संसार मोडला. हा माणूस पिकअप ट्रकमध्ये झोपू लागला, कधी पिट्सबर्गच्या स्टेशनवर. डोकेदुखी थांबत नसे. पाठ, गुडघे, बोटं, सगळं मोडकळीला आलेलं. झोप लागेना म्हणून तो स्वतःला विजेच्या झटक्याच्या बंदुकीने झटके देऊन घ्यायचा. पडलेले दात सुपरग्लूने चिकटवायचा. पानंच्या पानं लिहायचा, ती पानं सुरू एका विषयावर व्हायची आणि भलतीकडेच संपायची. जुलै १९९७ मध्ये हॉल ऑफ फेमच्या समारंभात त्याची ओळख करून द्यायला त्याचा जुना क्वार्टरबॅक टेरी ब्रॅडशॉ उभा राहिला. वेबस्टरचं उत्तरादाखलचं भाषण लांबत, भरकटत गेलं. ऐकणाऱ्यांना वाटलं, गडी भारावून गेलाय.

१९९९ साली रिटालिनच्या गोळ्यांसाठी डॉक्टरची खोटी चिठ्ठी केल्याच्या प्रकरणात तो अडकला आणि त्याला प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मोकळीक, मिळालं. लक्ष एका जागी टिकावं म्हणून तो त्या गोळ्या घेत होता. बातमी छापून आली ती ‘माजी स्टारची घसरण’ अशा थाटात.

घरच्यांची अडचण समजून घेण्यासारखी आहे. हात मोडला असता तर प्लास्टर दिसलं असतं. इथे दिसत होता तो तिरसट, विसराळू, पैसे उधळणारा, दिवसेंदिवस गायब होणारा नवरा आणि बाप. हा आजार आहे की स्वभाव बिघडला, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. शेवटच्या काळात एक मुलगा त्याच्यासोबत राहून त्याचं सगळं करत होता, तोही तेव्हा पोरसवदाच.

समोरचे पर्याय

प्रकरणात निर्णयाच्या जागा चार दिसतात. प्रत्येक ठिकाणी वेगळा माणूस वेगळी निवड करत होता.

पहिली जागा १९८९ ची. प्रशिक्षक म्हणून राहायचं की पुन्हा खेळायचं? पस्तिशी उलटलेल्या लाइनमनला हा प्रश्न आपण जेवढा सरळ समजतो तेवढा तो नसतो. खेळ हा त्याचा धंदा होता आणि दुसरा धंदा त्याने शिकलेला नव्हता. टेलिव्हिजनवर बोलण्याचं काम सगळ्यांना मिळतं असं नाही, आणि लाइनमनला तर कमीच. मैदानावर त्याला नेमकं काय करायचं हे माहीत होतं. मला इथे त्याला दोष द्यावासा वाटत नाही. तेव्हाच्या माहितीवर बहुतेकांनी हेच केलं असतं. मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूचं असं नुकसान १९२८ पासून वैद्यकीय लिखाणात होतं, पण फुटबॉलच्या ड्रेसिंग रूममध्ये ते कुणी पोचवलं नव्हतं.

दुसरी जागा १९९१ ते १९९८ या पट्ट्यात कुठेतरी. लीगच्या निवृत्ती योजनेकडे अपंगत्वाचा अर्ज करायचा की नाही, आणि केव्हा? ज्याचा मेंदू साथ देत नाही त्यानेच फॉर्म भरायचे, डॉक्टरांच्या तारखा पाळायच्या, कागद जपायचे, अशी या व्यवस्थेची अपेक्षा. आपल्याकडे हयातीच्या दाखल्यासाठी म्हाताऱ्या माणसाला बँकेत उभं करतात, त्याच जातीची ही गंमत आहे. वेबस्टरने ती वर्षं तशीच जाऊ दिली.

तिसरी जागा वकिलाची. वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंगच्या एका वकिलाने त्याचं काम हाती घेतलं. योजनेत अपंगत्वाचे वेगवेगळे वर्ग होते आणि त्यांतले दोन इथे महत्त्वाचे. एक ‘सक्रिय फुटबॉल’ : खेळाडू खेळत असतानाच दुखापत उद्भवली आणि त्यानंतर लवकरच तो पूर्ण व कायमचा निकामी झाला. दुसरा ‘झिजेचा’ : खेळामुळेच, पण खेळ सोडल्यानंतर हळूहळू निकामी झाला. पहिल्या वर्गात रक्कम जास्त आणि हक्क निवृत्तीच्या दिवसापासून. दुसऱ्यात रक्कमही कमी, सुरुवातही उशिराची. झिजेचा वर्ग मागितला असता तर काम लवकर झालं असतं. वकिलाने पहिल्या वर्गाचा आग्रह धरला. लांबचा रस्ता होता तो.

चौथी जागा योजनेच्या मंडळाची. मंडळात मतदान करणारे सहा सदस्य, तीन संघमालकांच्या बाजूचे आणि तीन खेळाडूंच्या युनियनचे. त्यांच्यासमोर तीन पर्याय होते : अर्ज फेटाळणं, झिजेचा वर्ग देणं, किंवा १९९१ पासूनचं पूर्ण अपंगत्व मान्य करणं. शेवटचा पर्याय सर्वांत महाग होता, आणि तो एका खेळाडूपुरता राहणारा नव्हता. डोक्याच्या धडकांमुळे खेळाडू खेळत असतानाच निकामी होऊ शकतो, हे लीगच्याच योजनेच्या कागदावर आलं असतं. लीगने १९९४ साली मेंदूच्या सौम्य इजांसाठी एक समिती नेमली होती. तिचा अध्यक्ष संधिवाताचा तज्ज्ञ डॉक्टर होता, आणि समितीचा सूर ‘काळजीचं कारण नाही’ असाच होता. मंडळाच्या मनात काय होतं हे ताडायचं काम माझं नाही. पण प्रत्येक पर्यायाची किंमत त्यांना ठाऊक नव्हती, असं मानणं भाबडेपणाचं होईल.

काय केलं गेलं

वकिलाने वेगवेगळ्या डॉक्टरांकडून तपासण्या करवून घेतल्या आणि अहवाल एकत्र केले. योजनेनेही आपल्या बाजूने क्लीव्हलंडचा एक न्यूरॉलॉजिस्ट नेमला. इथे प्रकरणाला अनपेक्षित वळण लागलं. योजनेच्या स्वतःच्या डॉक्टरानेही वेबस्टर १९९१ पासून निकामी आहे, असाच निष्कर्ष दिला. म्हणजे ज्यांनी ज्यांनी तपासलं त्या सगळ्यांचं मत एक. अपंगत्वाच्या दाव्यांत हे क्वचितच घडतं. सहसा दोन बाजूंचे दोन डॉक्टर दोन टोकांना असतात आणि मंडळ मधला रस्ता काढतं.

१९९९ मध्ये मंडळाने निर्णय दिला. वेबस्टर पूर्ण व कायमचा निकामी आहे, मान्य. हे फुटबॉलमधल्या डोक्याच्या धडकांमुळे झालं, तेही मान्य. पण १९९६ पासून आणि झिजेच्या वर्गात. आधीच्या पाच वर्षांचं काय, तर त्या काळातले वैद्यकीय कागद नाहीत आणि मधल्या वर्षांत तो थोडंफार काम करत होता.

या ‘थोडंफार काम’पाशी जरा थांबावं लागेल. निवृत्तीनंतर चीफ्सने त्याला काही काळ आसरा दिला होता, म्हणायला कामावर ठेवलं होतं. तो त्यांच्याच इमारतीत झोपायचा. योजनेच्या नियमात एक साधं वाक्य होतं : लीगने किंवा संघाने नोकरीवर ठेवलं आहे, किंवा कुणी दयेपोटी काम दिलं आहे, एवढ्यावरून माणूस काम करण्याजोगा आहे असं समजू नये. ज्याने हे कलम लिहिलं त्याला माणसं कशी वागतात ते चांगलं कळत होतं. जुन्या गड्याला संघ असाच सांभाळतो. चहापाण्याची सोय म्हणून कुठेतरी नाव लावतो. मंडळाने नेमकं तेच काम त्याच्याविरुद्धचा पुरावा म्हणून धरलं.

वेबस्टरने दाद मागितली. ती लढाई चालू असताना २४ सप्टेंबर २००२ रोजी पिट्सबर्गमध्ये हृदयविकाराने तो गेला. वय ५०.

इथे पाचवी निवड झाली, आणि ती करणाऱ्याचा या वादाशी काडीचा संबंध नव्हता. पिट्सबर्ग ज्या काउंटीत येतं तिथल्या कॉरोनरच्या, म्हणजे मृत्यूचं कारण तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या, कार्यालयात बेनेट ओमालू नावाचा तरुण विकृतिशास्त्रज्ञ होता, मूळचा नायजेरियाचा. मृत्यूचं कारण हृदय, तेव्हा काम तिथेच संपत होतं. डोकं उघडून पाहिलं तर मेंदू डोळ्यांना अगदी ठीक दिसत होता. आकसलेला नाही, जखमेचा डाग नाही. वीसपैकी एकोणीस जणांनी शेरा लिहून फाइल मिटवली असती. ओमालूने वरिष्ठांची परवानगी घेऊन मेंदू जपून ठेवला आणि तपासणीचा खर्च पदरचा केला. मेंदू रसायनात घट्ट व्हायला वेळ लागतो. मग त्याच्या पातळ चकत्या, त्यांवर रंग, मग सूक्ष्मदर्शक. तिथे त्याला दिसली टाऊ या प्रथिनाची गुंतवळ, नको त्या ठिकाणी साठलेली. मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूत दिसे त्याच कुळातली. क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी, ज्याला आज सगळे सीटीई म्हणतात. एनएफएलच्या खेळाडूत ती पहिल्यांदा दाखवून दिली गेली ती वेबस्टरच्या मेंदूत.

सतरा वर्षं कुणी जी नोंद ठेवली नाही ती पेशींमध्ये राहिली होती.

निष्पत्ती

जुलै २००५ मध्ये ‘न्यूरोसर्जरी’ या नियतकालिकात तो शोधनिबंध प्रसिद्ध झाला. लीगच्या समितीच्या सदस्यांनी तो मागे घेण्याची मागणी करणारं पत्र त्याच नियतकालिकाला लिहिलं. निबंध मागे घेतला गेला नाही. पाठोपाठ टेरी लॉंग या गार्डच्या मेंदूतही तेच आढळलं. लॉंग स्टीलर्सच्या त्याच रांगेत १९८४ ते १९८८ वेबस्टरच्या सोबत खेळलेला.

दाव्याचं काम समांतर चालू होतं. वेबस्टरच्या मालमत्तेच्या प्रशासकाने मेरीलँडच्या फेडरल कोर्टात योजनेविरुद्ध खटला भरला. अमेरिकेत अशा योजनांना १९७४ चा एक केंद्रीय कायदा लागू होतो. योगायोग असा, की वेबस्टर स्टीलर्समध्ये आला तेही साल तेच. या कायद्यापुढे दावेदाराची बाजू लंगडी असते. मंडळाला निर्णयाची मोकळीक दिलेली असली की कोर्ट ‘आम्ही असतो तर काय ठरवलं असतं’ हे पाहत नाही. मंडळाने त्या मोकळिकीचा गैरवापर केला का, एवढंच पाहतं. त्यामुळे बहुतेक दावे तिथेच बसतात. हा बसला नाही. २००५ मध्ये जिल्हा न्यायालयाने आणि डिसेंबर २००६ मध्ये चौथ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने वारसांच्या बाजूने निकाल दिला. सगळ्या डॉक्टरांचं एकमत, त्यात मंडळाने स्वतः नेमलेला डॉक्टर, आणि त्याविरुद्ध दुसरं कुणाचंही वैद्यकीय मत नाही. असं असताना मंडळाने वेगळी तारीख धरली याला आधार नाही, हा निकालाचा गाभा. नोकरीचा मुद्दाही योजनेच्याच नियमांमुळे टिकला नाही. दहा लाख डॉलर्सच्या वर रक्कम मिळाली. ट्रकमध्ये झोपणाऱ्या माणसाला ती हवी होती दहा वर्षं आधी.

लीगच्या पातळीवर गोष्टी हळूहळू हलल्या. २००७ मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या माजी खेळाडूंच्या देखभालीसाठी ‘८८ योजना’ आली. हे नाव टाइट एंड या जागी खेळणाऱ्या जॉन मॅकीच्या पाठीवरच्या क्रमांकावरून. २०११ च्या करारात दिवसातून दोनदा अंगाला अंग भिडवून होणारे सराव बंद झाले आणि हंगामात पूर्ण पॅड बांधून करायच्या सरावांवर १४ ची मर्यादा आली. समोरासमोर सोडण्याचा तो जुना प्रकार लीगने २०१९ साली बंद केला.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी एक सावधगिरीची गोष्ट. वेबस्टरच्या आयुष्यात जे जे मोडलं ते सगळं सीटीईच्या खात्यावर टाकायचा मोह होतो. हा आजार खात्रीने सांगता येतो तो मृत्यूनंतर, मेंदू तपासूनच. पैशाचे निर्णय, संसारातले ताण, गोळ्या, शरीराच्या इतर वेदना यांचा वाटा किती, हे वेगळं काढता येणार नाही. २०१७ मध्ये बोस्टन विद्यापीठाच्या अभ्यासात एनएफएलच्या १११ माजी खेळाडूंपैकी ११० जणांच्या मेंदूत सीटीई आढळला. आकडा हादरवणारा आहे, पण हे मेंदू कुटुंबीयांनी दान दिलेले होते आणि ज्यांना त्रास दिसत होता अशीच कुटुंबं पुढे येण्याची शक्यता जास्त. दर शंभरात नव्याण्णव असा अर्थ त्यातून काढू नये.

आता निर्णयांकडे. माझ्या मते सगळ्यात महाग पडलेली चूक १९९१ च्या मार्चमधली, आणि ती कुणा एकाची नाही. सतरा वर्षं खेळलेला माणूस बाहेर पडताना त्याची स्मृती, लक्ष आणि वागणूक यांची एक साधी तपासणी होऊन तिचा कागद राहिला असता, तर पुढचा सगळा वाद उभाच राहिला नसता. मंडळाने जो कागद मागितला तो हाच. तो कागद नव्हता, कारण तो करून ठेवण्याचं काम कुणावरच सोपवलेलं नव्हतं.

दुसरी गोष्ट अर्जाची. खेळाडूने स्वतः पुढाकार घ्यायचा, ही अट मेंदूच्या आजारात उलटी पडते. हात गेलेला माणूस अर्ज करू शकतो. विसरभोळेपणा हाच ज्याचा आजार, तो अर्ज करायचंही विसरतो आणि मग उशीर केला म्हणून त्यालाच ऐकावं लागतं. युनियनने निवृत्त खेळाडूंची दर वर्षी नुसती फोनवरून विचारपूस केली असती, तरी हे १९९२-९३ मध्येच लक्षात आलं असतं. मंडळात युनियनची तीन मतं होती, हे विसरू नये. या प्रकरणात सगळा राग मालकांवर काढला जातो, मला तो अपुरा वाटतो.

वकिलाच्या निर्णयाबद्दल मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. झिजेचा वर्ग घेऊन थांबले असते तर पैसे लगेच हातात होते, आणि अशिलाकडे वेळ कमी आहे हे दिसतच होतं. अखेर झालं असं, की झिजेचा भत्ता सुरू झाला आणि वरच्या वर्गासाठी भांडण चालूच राहिलं. ही मांडणी बरोबर होती. चुकलं असेल तर एवढंच, की पैसे हातात आल्यावर ते कोण सांभाळणार आणि त्याच्या राहण्या-खाण्याची, औषधांची घडी कोण बसवणार, याची व्यवस्था दाव्याइतक्या काटेकोरपणे झाली नाही. दावा जिंकणं आणि माणूस सांभाळणं ही दोन कामं आहेत.

१९८९ च्या निर्णयाशेजारी एक अलीकडचा निर्णय ठेवून पाहण्यासारखा आहे. बॉल्टिमोर रेव्हन्सचा गार्ड जॉन अर्शेल २०१७ साली, तो बोस्टनचा अभ्यास प्रसिद्ध झाल्यावर दोन दिवसांत निवृत्त झाला. वय २६. तो त्याच वेळी एमआयटीमध्ये गणितात पीएच.डी. करत होता. २०१५ मध्ये डोक्याला मार लागल्यावर आपल्याला काही काळ वरच्या पातळीचं गणित जमत नव्हतं, हे त्याने स्वतः सांगितलं आहे. त्याच्याकडे नुकसान मोजायची पट्टी होती आणि खेळाबाहेर उभं राहायला जागाही होती. वेबस्टरकडे यातलं काहीच नव्हतं. त्यामुळे ‘अर्शेलने केलं ते त्यालाही करता आलं असतं’ असं म्हणण्यात अर्थ नाही. विचारायचं ते हे, की आजच्या फळीतल्या गार्ड-टॅकलांपैकी कितीजणांकडे पट्टी आणि जागा दोन्ही आहेत.

माजी खेळाडूंनी लीगवर भरलेल्या एकत्रित दाव्याची तडजोड एप्रिल २०१५ मध्ये कोर्टाने मंजूर केली. खेळाडूंचं आणि मृत खेळाडूंच्या कुटुंबांचं नुकसान भरून देणारी ही सगळ्यात मोठी योजना. तिच्यातही एक तारीख आहे. १ जानेवारी २००६ च्या आधी मरण पावलेल्यांच्या वारसांना, काही कायदेशीर अपवाद सोडले तर, तिच्यातून काही मिळत नाही. ज्याच्या मेंदूवरून हे सगळं सुरू झालं त्याचं कुटुंब बाहेर राहिलं, कारण तो त्या तारखेच्या सव्वातीन वर्षं आधीच गेला होता.